जबड्याच्या दुखण्यावर लेझर घेऊ का?

पत्र: डॉक्टर, माझं वय ३७. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासत असताना उजव्या कानापुढे दुखायला लागलं. कानच दुखतोय असं वाटून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. आता पाच महिने झाले. तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, भाकरी चावताना कळ कानशिलापर्यंत जाते. तोंड अडकून बसलंय असं मात्र कधी झालेलं नाही. इथल्या एका दातांच्या दवाखान्यात लेझरच्या बारा बैठका सुचवल्या आहेत. १८ हजार रुपये, आणि सगळे आधी भरायचे. लेझरने सांधा आतून बरा होईल, मग चावा नीट बसावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट टेकावेत, म्हणून दात यंत्राने थोडे घासून कमी करून घेऊ, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणतात, लाइटने काय होतंय, मिठाचा शेक घे. मावसबहीण म्हणते, लाल दिव्याचं यंत्र ऑनलाइन मिळतं, तेच मागव. मी काय करू? – एक शिक्षिका

नमस्कार बाई,

आधी सरळ उत्तर देते. बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. चाव्यासाठी दात घासून कमी करायला ठाम नकार द्या. लेझरने दुखणं कमी होण्याची शक्यता आहे, ते थोतांड नाही. पण तुमच्या दुखण्यात त्याची जागा तिसरी-चौथी आहे आणि ती पहिली करून ठेवली गेली आहे. पहिल्या जागी जे हवं ते तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. नेमकं काय दुखतंय, सांधा की स्नायू, हे कुणी हात लावून तपासलं का? दिवसभर तुमचा जबडा काय करत असतो, हे कुणी विचारलं का?

म्हणून तिथूनच सुरुवात करू. आरशासमोर बसा. दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकाच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड हळू उघडा, मिटा. बोटांखाली जे हलतं ते जबड्याच्या हाडाचे दोन गोलसर माथे. तोंड उघडायला लागलं की हा माथा आधी जागच्या जागी फिरतो, मग खोबणीतून पुढे घसरतो. माथा आणि खोबण यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक चकती असते, ती माथ्यावर टोपीसारखी बसते. टोपी थोडी पुढे सरकलेली असली तर तोंड उघडताना माथा पुन्हा तिच्याखाली शिरतो, आणि त्या क्षणी 'कट्' होतं. म्हणजे आवाज येतो तेव्हा चकती जागेवर परत येते आहे. ज्यांना काहीही दुखत नाही अशा कितीतरी माणसांच्या जबड्यात हा आवाज वर्षानुवर्षं असतो आणि त्याला काहीही करावं लागत नाही. त्यामुळे आवाज बंद करायचा हे ध्येय मनातून काढून टाका. दुखणं कमी व्हावं आणि तोंड नीट उघडावं, एवढंच बघायचं.

आता बोटं गालांवर घ्या आणि दात आवळा. गालात जो स्नायू टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर हात ठेवून पुन्हा आवळा, तिथेही एक पसरट स्नायू फुगेल. या दोन्ही स्नायूंवर साधारण एक किलोचा दाब देऊन तपासायचं असतं आणि रुग्णाला एकच गोष्ट विचारायची असते: हे तुमचं नेहमीचंच दुखणं आहे का? जोरात दाबलं की कुणालाही दुखतं. दाबल्यावर तेच, रोजचं, ओळखीचं दुखणं जागं झालं तर तो स्नायू दोषी. २०१४ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी या विकारांच्या निदानाचे जे निकष ठरवले, त्यात या ओळखीच्या दुखण्याला फार महत्त्व आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, दहा-पंधरा मिनिटं लागतात. पत्रावरून मी निदान करणार नाही. पण सकाळचं आखडणं, कानशिलापर्यंत जाणारी कळ, आणि दुखण्याची सुरुवात पेपर तपासण्याच्या दिवसांत होणं, हे सगळं मिळून मला स्नायूंकडे बोट दाखवावंसं वाटतं. मान खाली घालून, वेळेच्या दडपणाखाली गठ्ठे उपसताना माणूस तासन्‌तास दातावर दात रोवून बसतो आणि त्याला पत्ता नसतो.

लेझर अशा दुखण्यात काय करतो ते आता बघू, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे आणि दवाखान्यात त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं नाही.

प्रकाशाने उपचार करणं नवं नाही. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर कार्बन दिव्याच्या प्रकाशाचा उपचार केला आणि १९०३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी तयार केला. नंतर १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर रूबी लेझरचे मंद किरण सोडून बघत होते. उंदरांना अपाय झाला नाही, उलट किरण पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवरही असेच मंद किरण वापरले. आज ज्याला कमी तीव्रतेचा लेझर किंवा फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, त्याची सुरुवात तिथली.

हा लेझर काही कापत नाही, जाळत नाही. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश कातडीतून आत जातो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या तंतुकणिका असतात, त्यांतलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) हा प्रकाश शोषतं, पेशीला थोडी जास्त ऊर्जा मिळते, सूज आणि वेदनेचे संदेश कमी होतात, असं या क्षेत्रातले बहुतेक संशोधक मानतात. यात एक खोच आहे. प्रकाश कमी पडला तर परिणाम होत नाही, आणि जास्त झाला तर परिणाम वाढण्याऐवजी ओसरतो, कधी उलटही होतो. म्हणून 'जास्त पॉवरचं मशीन आहे आमच्याकडे' हे काही या उपचारातलं भूषण नव्हे.

एका ठिकाणी या उपचाराचं काम पक्कं सिद्ध झालेलं आहे, तेही तोंडातच. कर्करोगाच्या केमोथेरपीत आणि रेडिएशनमध्ये तोंडात जे भयंकर फोड येतात, ज्यांच्यामुळे रुग्णाला पाणीसुद्धा गिळता येत नाही, ते टाळण्यासाठी हा प्रकाश दिला जातो आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याची शिफारस आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारावं. हे मुद्दाम सांगते, कारण 'लाइटने काय होतंय' हे सासूबाईंचं म्हणणं सरसकट खरं नाही.

जबड्याच्या बाबतीत मात्र चित्र धूसर आहे. प्रयोग पुष्कळ झाले, पण बरेचसे थोड्या रुग्णांवर. एकाने ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या लांबीचा, प्रकाश वापरला, दुसऱ्याने ९०४ चा. कुणी सांध्यावर दिला, कुणी स्नायूंवर. कुणी चार बैठका, कुणी बारा. काहींत दुखणं खोट्या लेझरपेक्षा स्पष्टपणे कमी झालं आणि तोंड जास्त उघडू लागलं. काहींत खरा लेझर घेतलेले आणि यंत्र बंद ठेवून नुसताच हात फिरवलेले, दोघांनाही जवळपास सारखंच बरं वाटलं. या दुसऱ्या गटाकडे नीट बघा, बाई. जबड्याचं दुखणं मुळातच चढतं-उतरतं असतं. माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं चढलेलं असताना, आणि त्यानंतर ते बऱ्याचदा आपोआप उतरतं. त्यात कुणी आठवड्यातून दोनदा आस्थेने विचारपूस करून गालावर हात ठेवला तर आणखी उतरतं. बरं वाटणं खोटं नसतं, पण त्याचं सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जुनाट म्हणजे तीन महिन्यांहून अधिक, म्हणजे तुमचं त्यात बसतं. सूचना ठरवणाऱ्या गटात डॉक्टरांबरोबर हे दुखणं सोसलेले रुग्णही होते. त्यांनी ठामपणे ज्यांच्या बाजूने कौल दिला त्या गोष्टी अशा: देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, मान-खांद्यांची ठेवण सुधारणारे व्यायाम, प्रशिक्षित हातांनी सांधा मोकळा करणं आणि स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबणं, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, आणि नीट समजावून सांगून घरी करायला दिलेले साधे उपाय. कमी तीव्रतेचा लेझर त्यांनी 'शक्यतो नको' या गटात टाकला. 'शक्यतो नको' म्हणजे घातक असं नाही. फायदा खात्रीचा नाही, खर्च मात्र खात्रीचा, म्हणून बहुतेक रुग्णांनी यासाठी पैसे घालू नयेत, असा त्याचा अर्थ.

माझं मत त्या सूचनांहून थोडं सैल आहे. दुखण्यामुळे तोंडच उघडवत नसेल तर व्यायाम सुरू करता येत नाही, आणि अशा वेळी चार-सहा बैठकांनी दुखणं थोडं खाली आलं तर व्यायामाला वाट मिळते. गोळ्या चालत नाहीत अशा रुग्णालाही मी तो पर्याय देईन. पण व्यायामासोबत, थोडक्या दिवसांसाठी. नुसता लेझर देऊन घरी पाठवणं मला पटत नाही.

'सांधा आतून बरा होईल' हे आश्वासन मात्र चुकीचं आहे. सरकलेली चकती प्रकाशाने जागेवर येत नाही. झिजलेलं हाड भरून येत नाही. शिवाय प्रकाश पोचतो किती? सांधा कातडीपासून फारसा खोल नाही, तिथवर लालच्या पलीकडचा प्रकाश काही प्रमाणात जातो. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंपर्यंतही जातो. पण जबडा पुढे ओढणारा एक छोटा स्नायू हाडाच्या आतल्या बाजूला दडलेला असतो, आणि बाहेरून दिलेल्या प्रकाशातलं तिथे जेमतेम काही उरतं.

हे सगळं कळूनही लेझर घेऊन बघावासा वाटला तर मी अडवणार नाही. फक्त दर बैठकीचे पैसे वेगळे द्या. चार बैठकांनंतर थांबून बघा: दुखण्याला दहापैकी आज किती गुण द्याल, पहिल्या दिवशी किती दिले होते, आणि पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर किती मिलिमीटर वाढलं. साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी मावतील एवढं, तोंड उघडलं तर ते पुरेसं मानतात. चार बैठकांत काहीच हललं नाही तर तिथेच थांबा.

बैठकीच्या वेळी तुमच्या आणि देणाऱ्याच्याही डोळ्यांवर त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चश्मा हवा. उन्हाचा गॉगल चालत नाही. न दिसणारा प्रकाश जास्त धोक्याचा, कारण डोळा दिपत नाही म्हणून पापणी मिटत नाही. पुष्कळ दवाखान्यांत हिरड्या कापण्यासाठी घेतलेला डायोड लेझरच वेगळं टोक लावून या कामाला वापरतात. ते चुकीचं नाही, पण तो ताकदवान असतो. एका जागी धरून ठेवला तर भाजू शकतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश जास्त शोषतं, आणि पुरुषांच्या दाढीचे काळे केसही. गोऱ्या कातडीवर बसवलेलं माप तसंच्या तसं आपल्याला लागू होईलच असं नाही. हलकी ऊब ठीक. चटका लागला की लगेच बोला, सोसत बसू नका. त्या भागात कर्करोगाची गाठ असेल किंवा होऊन गेली असेल, किंवा उन्हाने अंगावर चट्टे उठवणारी औषधं चालू असतील, तर आधी सांगा. आणि यंत्राची तरंगलांबी किती, कुठल्या बिंदूंवर देणार, प्रत्येक बिंदूवर किती वेळ, हे विचारा. समोरच्याला ही तीन उत्तरं चटकन देता आली नाहीत तर तिथे लेझर घेऊ नका.

मावसबहिणीने सुचवलेलं लाल दिव्याचं यंत्र घेऊ नका. चेहऱ्यावर लावायचे जे मुखवटे आणि दिवे विकले जातात ते बहुतेक कातडीसाठी असतात, त्यांचा प्रकाश मंद आणि उथळ असतो. फिजिओथेरपीत जो लाल इन्फ्रारेड बल्ब वापरतात तो वेगळा. तो शेकच असतो, उष्णतेचा. आणि शेकच घ्यायचा तर सासूबाईंची मिठाची पुरचुंडी उत्तम. तव्यावर गरम करा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना ते बघा, मग दहा-पंधरा मिनिटं गालावर आणि कानशिलावर. ओल्या गरम फडक्याचा शेकही तितकाच चांगला. स्नायूच्या दुखण्याला उष्णता मानवते, तिला पैसे पडत नाहीत, आणि शेकानंतर लगेच व्यायाम केला तर जबडा जास्त मोकळा होतो.

आता ज्याला मी पहिली जागा देते ते. तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना कधी लागले पाहिजेत? चावताना आणि गिळताना, बस्स. एरवी ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेली, 'न' म्हणताना टेकते तशी. ही जबड्याची विश्रांती. आज दिवसभरात जेव्हा आठवेल तेव्हा तपासून बघा, बहुतेक वेळा दात एकमेकांवर टेकलेले सापडतील. सापडले की खांदे सैल सोडा, 'न' म्हणा, दात सुटे होतील. हे आठवायला खूण लागते. हजेरीपटाच्या कोपऱ्यावर, लाल पेनाच्या टोपणावर, मोबाइलच्या मागे, फळ्याशेजारी रंगीत टिकल्या लावा आणि टिकली दिसली की जबडा तपासा. सुरुवातीला हे किरकोळ वाटतं. पण दात आवळण्याची सवय दिवसातून शेकडो वेळा स्नायूला राबवते, आणि आठवड्यातून दोनदा दिलेला कुठलाही प्रकाश तेवढ्या राबण्याला पुरा पडणार नाही.

व्यायाम एकच सांगते, बाकीचे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. आरशासमोर बसा, जीभ टाळूला टेकवा, जीभ सुटणार नाही एवढंच तोंड हळूहळू उघडा आणि मिटा. हनुवटी एका बाजूला पळत असेल तर आरशात बघून ती मध्ये ठेवा. सहा वेळा करायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. तासिका संपली की स्टाफरूममध्येही जमेल. त्याने दुखणं वाढलं तर उघडणं कमी करा, पण सोडू नका. जबडा पूर्ण बंद ठेवून विश्रांती दिली तर तो आणखी आखडतो.

काही आठवडे खाणं मऊ ठेवा, नुसतं पातळ नको. खिचडी, मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, शिजवलेल्या भाज्या चालतील. चिक्की, ऊस, कडक बुंदीचे लाडू, भाजलेले मक्याचे कणीस, च्युइंगगम बाजूला ठेवा. पेरू-सफरचंद फोडी करून. नेहमी एकाच बाजूने चावत असाल तर दोन्हीकडे वाटून चावा. जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड एकदम वासणार नाही. पेपर तपासताना गठ्ठा उंचावर ठेवा, हनुवटी तळहातावर टेकवून बसू नका, अर्ध्या तासाने उठा. वर्गात चाळीस-पन्नास मुलांवर ओरडूनच शिकवावं लागत असेल तर शाळेकडे माइक मागा. घसा आणि जबडा दोन्ही वाचतील. दुखण्याची गोळी पोट आणि मूत्रपिंड ठीक असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यायला हरकत नाही.

झोपेत दात खाता का, हे घरच्यांना विचारा. नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर त्यांनीही दात खाणं वाढू शकतं, ती स्वतःहून बंद न करता देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. रात्री घालायची कवळीसारखी पट्टी अनेकजण लगेच सुचवतात. वर सांगितलेल्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या सूचनांमध्ये तीही 'शक्यतो नको' मध्येच आहे. दात प्रत्यक्ष झिजत असतील तर ते वाचवायला ती उपयोगी, दुखण्यासाठी पहिला उपाय म्हणून नाही. घ्यायचीच झाली तर सगळे दात झाकणारी, टणक आणि दंतवैद्याने मापाने बनवलेली घ्या. फक्त पुढचे किंवा मागचे दात झाकणारी पट्टी सतत घातली तर चावाच बदलू शकतो.

दात घासण्याबद्दल आता बोलते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं की दात पडून चावा खचला की सांधा दाबला जातो आणि कान दुखतो. ते पटण्यासारखं होतं, आणि पुढची अनेक दशकं जगभर चावा 'सुधारण्याच्या' नावाखाली निरोगी दात घासले गेले, दातांवर टोप्या (कॅप) बसवल्या गेल्या. नंतर नीट तपासलं तेव्हा चावा आणि जबड्याचं दुखणं यांचं नातं फार कमकुवत निघालं. लेझर आवडला नाही तर बंद करता येतो, शेक बंद करता येतो, व्यायाम बदलता येतो. घासलेलं दाताचं कवच परत येत नाही. स्नायू दुखत असताना चावा थोडा वेगळा लागतोच, आणि स्नायू शांत झाला की पुन्हा पूर्वीसारखा लागतो. मधल्या काळात घासलेले दात मात्र कायमचे कमी झालेले असतात. कुणी कितीही हळू आवाजात 'थोडंसंच' म्हणालं तरी तोंड उघडू नका.

काही खुणा दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखवायचं. येत असलेला आवाज अचानक बंद झाला आणि तोंड दोन बोटांएवढंच उघडू लागलं. गालाला सूज आणि ताप. ओठ किंवा हनुवटी बधिर. जिना चढताना किंवा भरभर चालताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो. ते हृदयाचं दुखणं असू शकतं, बायकांमध्ये ते छातीऐवजी जबड्यात जाणवू शकतं. पन्नाशीपुढच्या माणसाचा चावताना जबडा दुखून थकतो, कानशिलाला हात लावला तरी दुखतं, नजर अंधुक होते. हे रक्तवाहिनीच्या सुजेचं लक्षण असू शकतं आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्या प्रत्येकाला सांगते: तुमचं तोंड कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट आणि कडक लागत असेल, तर तो सांध्याचा विकार नाही. सुपारीमुळे तोंडाचं अस्तर आखडतं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्यावर लेझरच्या बैठका घेत महिने घालवू नका. सुपारी आजच बंद करा आणि तोंड तपासून घ्या.

तुम्ही, बाई, कराडातच दंत महाविद्यालय आहे, तिथल्या ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, विभागात जा. इतर वाचकांसाठी मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय; नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं; गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे खासगीपेक्षा खूप कमी खर्चात नीट तपासणी होते. चकती बघायला एमआरआय लागतो, पण तोंड अडकत नसताना तो बहुधा लागणार नाही. कुणी सुचवला तर त्याने उपचारात काय बदलणार आहे, ते विचारा. तिथून फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगा, जबड्याचं काम करणारा असेल तर उत्तम, मानेचं करणाराही चालेल.

जाण्याआधी आठवडाभर एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: सकाळी आणि रात्री दुखण्याला दहापैकी गुण, दिवसभरात दात आवळलेले सापडले तो प्रसंग, आणि तोंड किती मिलिमीटर उघडलं. वही डॉक्टरांपुढे ठेवा. सहा ते आठ आठवडे नियमाने केल्यावरही गुण खाली आले नाहीत तर मला पुन्हा लिहा, वहीतल्या नोंदींसकट.